हातघाईचा उपचार

खांदा हा माणसाच्या शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा आहे आणि त्यामुळेच सगळ्यात बेभरवशाचा. दंडाच्या हाडाचं गोल टोक मोठं, फऱ्यावरची खोबण उथळ आणि लहान. बशीच्या काठावर लाडू टेकवून ठेवावा अशी एकंदर रचना. हा गोळा घरंगळू नये म्हणून त्याच्याभोवती एक ढिली पिशवी आणि चार स्नायूंच्या बंदांचं कडं असतं. काखेच्या बाजूला या पिशवीला चक्क चुण्या असतात, कारण हात वर नेताना तिथं जादा लांबी लागते.

चाळिशी ते साठीच्या दरम्यान केव्हातरी ही पिशवी सुजते, जाड होते, आक्रसते. चुण्या एकमेकींना चिकटतात आणि सांधा जाम होतो. बायकांना हे पुरुषांपेक्षा जास्त होतं, मधुमेह असलेल्यांना बरंच जास्त, थायरॉइडची तक्रार असलेल्यांनाही. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शल्यचिकित्सकानं १९३४ साली या दुखण्याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हटलं आणि त्याची व्याख्या करणं, उपचार करणं आणि कारण सांगणं ही तिन्ही कामं अवघड असल्याचं त्याच दमात मान्य करून टाकलं. मराठी घरांत कारणाबद्दल अशी शंका कधी नसते. उशी उंच होती, एसी अंगावर आला, भरलेल्या बादल्या उचलल्या, रात्रभर त्याच कुशीवर झोप, मोबाइल. आणि सर्वांत भक्कम कारण म्हणजे ‘तेव्हाच सांगितलं होतं, ऐकलं नाही’. हे शेवटचं कारण पडशापासून मणक्यापर्यंत सगळ्या आजारांना चालतं.

निदानही दवाखान्याच्या आधी घरीच झालेलं असतं. पुरुषांचं ते मागच्या खिशातलं पाकीट काढताना होतं. बायकांचं अंतर्वस्त्राचा मागचा हूक लावताना, अंबाडा घालताना किंवा संकष्टीच्या सकाळी वरच्या फळीवरचा साबुदाण्याचा डबा उतरवताना. लोकलच्या कडीला लोंबकळून दोन तपं काढलेला हात एके दिवशी कडीपर्यंत पोचत नाही. देवळातली घंटा डाव्या हातानं वाजवायची वेळ आली की दुखणं मान्य करावं लागतं, कारण आता ते देवाच्याही लक्षात आलेलं असतं.

तरीही महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्ट ही पहिली पायरी नसते. आधी शेक येतो: गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला. मग महानारायण तेल. मग शेजारच्यांना ‘अगदी सेम’ झालेलं असतं तेव्हा त्यांनी लावलेलं, लेबल उडालेल्या बाटलीतलं तेल. पाठीत उसण भरली असेल तर पायाळू माणसाची लाथ खाण्याची जुनी रीत आहे. या शाखेत उपचार करणाऱ्याला कोणतंही शिक्षण लागत नाही. फक्त जन्माला येताना त्यानं पाय आधी बाहेर काढलेले असावे लागतात. हल्ली उलट्या बाळांचं बहुधा सिझेरियन होतं, त्यामुळे तिथं मनुष्यबळाचा तुटवडा जाणवतो.

यानंतरची पायरी हाडवैद्य किंवा तालमीतले वस्ताद. कोल्हापूरकडच्या तालमींत मालिश हा खुराकाइतकाच दिनक्रमाचा भाग, आणि रोज पैलवानांचे सांधे हाताळून वस्तादांच्या बोटांना बरंच काही कळू लागलेलं असतं. निखळलेला खांदा असे अनुभवी हात बसवतातही. गोठलेल्या खांद्याची अडचण मात्र उलटी आहे. तो जागेवरून हललेलाच नसतो. तो जागेवरच ठाण मांडून बसलेला असतो आणि उठायला तयार नसतो. त्याला ‘बसवणार’ कुठं? वयानं ठिसूळ झालेल्या हाडाला जोराचा हिसका दिला तर खांद्याऐवजी हाड सुटतं, आणि मग ते प्रकरण रीतसर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातं. तो प्लास्टर घालतो आणि प्लास्टर निघाल्यावर फिजिओकडे पाठवतो. थेट न येता असं वळसा घालून आलेले रुग्ण बरेच असतात.

हातानं दुखणं हलकं करण्याच्या कलेला पदवी आणि परवाना मिळायला वेळ लागला. स्टॉकहोममध्ये १८१३ साली पेर हेन्रिक लिंग या तलवारबाजीच्या शिक्षकानं व्यायामाची संस्था काढली आणि त्यात रोगनिवारक व्यायामही शिकवायला घेतले. ज्याला जग स्वीडिश मसाज म्हणतं त्याची घडी बसवणारा योहान मेझगर हा डच, त्यातल्या क्रियांची नावं फ्रेंच. स्वीडनच्या वाट्याला नुसतं श्रेय आलं. लंडनमध्ये १८९४ साली मालिशच्या पाटीमागे चालणाऱ्या भलत्या धंद्यांवर वैद्यकीय नियतकालिकानं झोड उठवली. तेव्हा चार परिचारिकांनी पेशाची अब्रू वाचवायला प्रशिक्षित मालिशकर्त्यांची संस्था काढली आणि नियम कडक केले: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मालिश नाही, पुरुषांना सर्वांगमालिश नाही, जाहिरात द्यायची तर फक्त वैद्यकीय पत्रांत. ब्रिटनमधली आजची फिजिओथेरपिस्टांची मुख्य संस्था याच मुळातून वाढली.

मुंबईत १९५२ साली पोलिओची साथ आली आणि पुढच्या वर्षी, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. म्हणजे हा पेशा इथं आला तो लुळ्या पडलेल्या मुलांना उभं करायला. पुढे पोलिओ गेला आणि त्याच्या जागी लॅपटॉप आला. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा झाला, शरीररचनेचं विच्छेदन, मज्जाशास्त्र, प्रबंध, सगळं आलं. पण एवढं करून बाहेर पडलेल्या मुलीला लग्नाच्या पंगतीत पहिला प्रश्न येतो तो ‘अय्या, म्हणजे मसाज का?’ आणि दुसरा प्रश्न येण्याआधी प्रश्नकर्त्यानं आपली मान पुढे केलेली असते.

दवाखाना पुष्कळदा पहिल्या मजल्यावर असतो आणि इमारतीला लिफ्ट नसते. गुडघ्याचे रुग्ण जिना चढून येतात, त्यामुळे वर पोचलेल्यांची तपासणी अर्धी झालेलीच असते. आत एक उंच पलंग, छताला कप्पी आणि दोरी, भिंतीवर फिरवायचं मोठं चाक, बोटांनी चढायची लाकडी शिडी आणि सांगाड्याचं चित्र. नव्या रुग्णाला हे सगळं आखाडा आणि चौकशीची खोली यांच्या मधलं काहीतरी वाटतं.

तपासणीची सुरुवात आकड्यानं होते. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. तर तुमचं किती? ही पट्टी जगभर वापरतात, पण ती तयार करणाऱ्यांनी आपली माणसं पाहिलेली नसावीत.

“पंधरा.”

“काकू, दहाच्या वर नाही.”

“मग दहा लिहा. पण आहे पंधरा.”

निवृत्त शिक्षक सहाच्या वर जात नाहीत. उभ्या हयातीत त्यांनी कुणाला पैकीच्या पैकी दिलेले नसतात. काही पुरुष ‘दुखत काही नाही, फक्त हात वर होत नाही’ असं सांगतात आणि खांद्याला बोट लागताच जो सूर काढतात तो खालच्या किराणा दुकानात ऐकू जातो. फिजिओ दोन्ही नोंदवते.

मग कोनमापक येतो. निरोगी हात समोरून वर १८० अंशांपर्यंत जातो. गोठलेला निम्म्या वाटेत थांबतो, आणि कोपर अंगाला लावून मनगट बाहेर फिरवायला सांगितलं तर जवळजवळ हलतच नाही. बाहेरच्या बाजूला फिरणं सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जातं, हीच या रोगाची खूण. पण आकडा चांगला यावा ही शाळेपासूनची ओढ सुटत नाही. रुग्ण खांदा कानापर्यंत उचलतो, कंबरेतून पलीकडे कलतो, टाचा वर करतो आणि ‘बघा, गेला की!’ म्हणतो. याला फिजिओच्या भाषेत ‘ट्रिक मूव्हमेंट’ असं स्वच्छ नाव आहे.

फाईलबद्दल दोन शब्द. गोठलेल्या खांद्याचा एक्स-रे बहुधा निर्दोष येतो आणि ते ऐकून रुग्ण हिरमुसतो. एवढं दुखतंय आणि फोटोत काहीच नाही म्हणजे फोटो चुकला असणार. कंबरेच्या रुग्णाचं उलटं. त्याच्या एमआरआयमध्ये पुष्कळ काही असतं आणि ते त्याला पाठ असतं: चौथ्या-पाचव्याची गादी सरकलीय, गॅप आलाय, नस दबलीय. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले, तर सगळ्या चकत्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के निघाले. उरलेले लोक सरकलेल्या, फुगलेल्या चकत्या घेऊन मजेत हिंडत होते. ही माहिती सांगून कुणाही रुग्णाचं समाधान झालेलं ऐकिवात नाही. एमआरआयला हजारो रुपये मोजलेले असतात. त्यात काहीतरी निघायलाच हवं.

यानंतर प्रत्यक्ष हात लावला जातो आणि सगळ्या उपचारातलं सर्वांत अवघड वाक्य उच्चारलं जातं: “हात सैल सोडा.”

“सोडलाय.”

सोडलेला नसतो. फिजिओनं आपला आधाराचा हात काढून घेतला तर रुग्णाचा हात तसाच हवेत तरंगत राहतो, आणि त्याकडे रुग्णही कौतुकानं पाहतो. पन्नास वर्षं सावध राहिलेला मनुष्य आपल्या दहा टक्के शरीराचा ताबासुद्धा कुणाकडे सहज देत नाही. म्हणून चांगली फिजिओ या टप्प्यावर सांध्याबद्दल बोलतच नाही. ती मुलगा कुठं असतो, हे विचारते. मुलगा कॅनडात असल्याचं सांगता सांगता खांदा सैल पडतो आणि तिचं काम सुरू होतं.

ते काम बाहेरून पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटतं. ॲडलेडच्या जेफ्री मेटलँडनं सांधा हलवण्याच्या प्रती ठरवून दिल्या आहेत. पहिली प्रत म्हणजे हालचालीच्या सुरुवातीलाच केलेली अगदी बारीक लय. दुसरी मोठी, पण अडथळ्याच्या अलीकडची. तिसरी मोठी आणि अडथळ्यापर्यंत जाणारी. चौथी बारीक, पण थेट अडथळ्याच्या उंबऱ्यावर. पहिल्या दोन दुखणं कमी करायला, पुढच्या दोन ताठरपणा मोडायला. पाचवी म्हणजे झटका. तो गोठलेल्या खांद्याचा मामला नव्हे. रुग्णाला या वर्गवारीचा पत्ता नसतो. त्याच्या दृष्टीनं प्रती दोनच: ‘नुसता हात फिरवते’ आणि ‘जीव काढते’. पहिलीबद्दल पैसे वाया गेल्याची तक्रार असते, दुसरीबद्दल उरलेल्या सगळ्याची.

त्यातही एक गोष्ट घरी येऊन सांगितली तर कुणाचा विश्वास बसत नाही. हात वर जावा म्हणून फिजिओ खांदा खाली दाबते. नॉर्वेच्या फ्रेडी काल्टनबोर्न यांनी रूढ केलेला हा हिशेब आहे: गोल टोक उथळ खोबणीत वर लोळायला लागलं की त्यानं त्याच वेळी खाली घसरायला हवं, नाहीतर ते वरच्या हाडाला जाऊन आपटेल. पिशवी आक्रसल्यामुळे हे घसरणं बंद पडतं, म्हणून ते हातानं करून द्यायचं. सांधे हा नियम दर वेळी पाळतातच असं नाही, हे पुढच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. पण विद्यार्थ्यांना परीक्षेत तो पाळावा लागतो.

हाताच्या स्पर्शानं नेमकं काय होतं याबद्दल पूर्वी बराच आत्मविश्वास होता. चिकटलेलं सुटतं, सरकलेलं बसतं, गाठ फुटते. आता तो कमी झाला आहे. हाताच्या जोरानं पेशींच्या जाळ्यात लगेच फारसा बदल होत नाही. बदल होतो तो मुख्यतः मज्जासंस्थेच्या धास्तीत. विश्वासाच्या हातांनी दुखरी जागा हळूहळू हलवली की मेंदू तिथला पहारा थोडा ढिला करतो आणि काही तासांपुरती, कधी दिवसापुरती, मोकळीक मिळते. ती मोकळीक वापरून रुग्णानं स्वतः हात हलवायचा असतो. संपूर्ण उपचाराचं मर्म एवढंच आहे आणि रुग्णाला नको असतं तेही एवढंच. आपलं दुखणं दुसऱ्याच्या हाती सोपवून निवांत पडायला तो आलेला असतो. फिजिओ ते पुन्हा त्याच्याच हातात ठेवते.

म्हणूनच मशिनला मान आहे. मशिन काही परत देत नाही. वायरी लावून मुंग्या येतात, जेल लावून थंड गोळा फिरतो, लाल दिवा लागतो, वेळ संपला की घंटी वाजते. ‘आधीच्या दवाखान्यात तीन मशिनं लावायचे’ हे वाक्य ऐकलं नाही असा फिजिओ महाराष्ट्रात नसेल. यातल्या काही उपकरणांच्या उपयोगाचा पुरावा बेताचाच आहे. पण मशिन बाजूला ठेवून नुसत्या हातांनी काम केलं की फी जास्त वाटते, म्हणून अनेक ठिकाणी दहा मिनिटं करंट देऊन रुग्णाचं मन शांत करतात आणि मग उपचार करतात.

मशिनच्याही वर मान आहे तो आवाजाला. ‘कट्ट’ असा आवाज झाला की काहीतरी जागेवर बसलं, अशी सार्वत्रिक श्रद्धा आहे. प्रत्यक्षात सांध्याचे दोन पृष्ठभाग झटकन दूर होतात, आतल्या वंगणद्रवातला दाब पडतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली बोट कडकडा मोडताना त्याचं एमआरआय चित्रण करून हे पाहिलं. एकदा वाजलेला सांधा पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटं लागतात. बोटं मोडल्यानं संधिवात होतो या आईच्या धाकाची कसोटी पाहायला कॅलिफोर्नियाच्या डोनाल्ड अंगर या डॉक्टरनं साठेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली. दोन्ही हात शेवटी सारखेच निघाले. २००९ साली त्याला इग नोबेल मिळालं. आईला चूक ठरवण्यासाठी एवढी चिकाटी क्वचितच कुणी दाखवली असेल.

घरचे व्यायाम हा खरा उपचार, आणि तो छापील कागदावर दिला जातो. पहिला व्यायाम कॉडमनच्याच नावावर आहे: पुढे वाकायचं, हात लोंबता सोडायचा आणि अंगाच्या हेलकाव्यानं झुलू द्यायचा. मग काठी धरून दोन्ही हात वर. मग पाठीमागून टॉवेल ओढणं. मग भिंतीवर बोटांनी चढत जाऊन जिथं थांबाल तिथं पेन्सिलीची खूण. भाड्याच्या घरात ही खूण घरमालकाशी बोलण्याचा नवा विषय ठरते. आठवड्यानं ‘व्यायाम केले?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “दिवसभर घरातलं करतेच की, तो व्यायाम नाही का?” नाही. घरकामात हात जेवढा सहज जातो तेवढाच जातो; व्यायामात तो जिथं जात नाही तिथं न्यायचा असतो. खरं उत्तर कोनमापक देतो, पण तोंडावर खोटं पाडायचं नाही एवढी रीत फिजिओ पाळते. “थोडे वाढवू या,” म्हणते.

दुखणं रुग्णाच्याच हाती देण्याच्या या पद्धतीला कंबरेच्या बाबतीत मोठं नाव मिळालं ते न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झीमुळे, आणि तेही तो उशिरा पोचल्यामुळे. वेलिंग्टनच्या त्याच्या दवाखान्यात १९५६ साली एक रुग्ण सांगितल्याप्रमाणे पलंगावर पालथा पडला. पलंगाचं डोकं आधीच्या रुग्णासाठी उंच करून ठेवलेलं होतं. मॅकेन्झी आला तोवर तो बिचारा बराच वेळ पाठ मागे वाकलेल्या अवस्थेत होता, जी त्या काळी घातक मानत. आणि तो म्हणाला की इतक्या आठवड्यांत एवढं बरं वाटलंच नव्हतं. त्यातून आख्खी उपचारपद्धती उभी राहिली. आपल्याकडेही उशिरा येणाऱ्यांची कमतरता नाही, पण पलंग दर वेळी सपाट असतो.

शेवटचा प्रश्न म्हणजे किती करायचं. नेदरलँड्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोठलेल्या खांद्याच्या ७७ रुग्णांची तुलना केली होती. काहींना वेदनेपलीकडे जाणारं जोरकस ताणणं, काहींना फक्त सोसेल तेवढी हालचाल, धीर आणि ‘देखरेखीखालचं दुर्लक्ष’. दोन वर्षांनी दुर्लक्ष झालेल्यांपैकी ८९ टक्क्यांचा खांदा जवळजवळ पूर्ववत होता, जोर लावलेल्यांपैकी ६३ टक्क्यांचा. ठणक्याच्या पहिल्या महिन्यांत खांद्याशी मारामारी करू नये, ताठरपणाच्या टप्प्यात हळूहळू वाढवावं, हे आता बहुतेकांना मान्य आहे. दुर्लक्षाची सोय पुष्कळ घरांत विनामूल्य असते. देखरेखीसाठी मात्र फिजिओकडे जावं लागतं.

खांदा सुटायला वर्ष ते तीन वर्षं लागतात आणि काहींचा शेवटचा थोडा कोन कायमचा राहून जातो. पुष्कळ अंशी हे दुखणं आपल्या गतीनं ओसरतं, त्यामुळे ज्या महिन्यात हात सुटू लागतो त्या महिन्यात जो उपचार चालू असेल त्याला श्रेय जातं. फिजिओनं वर्षभर घासलेल्या खांद्याचं श्रेय शेवटच्या पंधरवड्यात आणलेल्या तेलाला मिळाल्याची उदाहरणं घरोघरी आहेत. क्वचित नेमकं उलटंही होतं आणि तेव्हा फिजिओ तेलाचं नाव काढत नाही.

एकदा सुटलेल्या खांद्याला हे दुखणं सहसा पुन्हा होत नाही. काही जणांना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, पुढच्या काही वर्षांत ते दुसऱ्या खांद्याला होतं. अशा वेळी शेक, पाला आणि वस्ताद हे टप्पे गाळून रुग्ण सरळ फिजिओकडे येतो, दुखणं पंधरा सांगतो, आणि व्यायामाचा छापील कागद पुढे केला की “हा आहे माझ्याकडे, अगदी नवाच आहे” म्हणून परत करतो.